बर्फाच्या कप्प्यातले बुडबुडे

मे महिन्याची चौदा तारीख, आणि हातात सोऱ्या. ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून व्हायला हव्या होत्या. आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, खाली गव्हाचा चीक शिजवून पातेलं वर आणत होत्या आणि मी धुतलेल्या लुगड्यावर वेटोळी घालत होते. चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून नीट उतरतो. गार झाला की दांडा दाबून दाबून मनगट जातं, आणि तुटक कुरडई पडली की आक्कांचं तोंड सुरू होतं.

"कॉलेजात पोरींना काय शिकवतीस गं? हाताला जोर न्हाई."

"पोरींना कुरडया शिकवत नाही."

"मग काय उपेग!"

हात कामात असले तरी डोकं खाली फ्रीजपाशी होतं. फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खाचांमध्ये, काचेच्या लहान कुप्या उभ्या होत्या. त्याच दिवशी दुपारी त्या घेऊन मला परभणीला जायचं होतं.

मी पाथरीच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. पन्नाशी जवळ आल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय घेतला लिपोसोमचा. लिपोसोम म्हणजे चरबीचा अतिसूक्ष्म बुडबुडा. सोयाबीनमधून निघणारं लेसिथिन घ्यायचं, गोल बुडाच्या चंबूत क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, चंबू गरम पाण्यावर फिरवत पंपाने हवा खेचायची. क्लोरोफॉर्म उडून जातो आणि आतल्या काचेवर साय धरावी तसा पातळ थर बसतो. मग त्यात औषधाचं पाणी घालून हलवलं की थर सुटतो, आपोआप गोल मिटतो आणि मिटताना थोडं औषध पोटात घेतो. दुधासारखं पांढरं पाणी तयार होतं. शेवटी दोन सिरिंजांच्या मध्ये बारीक भोकांची जाळी बसवून ते पाणी इकडून तिकडे, तिकडून इकडे दाबायचं, म्हणजे सगळे बुडबुडे एका मापाचे होतात. म्हणजे तिथेही सोऱ्याच. आक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग मला ने की. तुझ्यापरीस बरं दाबीन."

औषध नागिणीवरचं होतं. नागीण हा विषाणूचा आजार. औषध जुनं आहे, चांगलं आहे, पण एक अडचण आहे. विषाणू पेशीच्या आत बसलेला असतो आणि हे औषध पेशीच्या भिंतीतून आत जायला कुरकुर करतं. म्हणून ते दिवसातून अनेकदा द्यावं लागतं, लवकर सुरू करावं लागतं. बुडबुड्याची भिंत आणि पेशीची भिंत मात्र एकाच जातीच्या चरबीची असते. करंजीची पारी दुसऱ्या करंजीला चिकटली की सुटता सुटत नाही, तसं काहीसं. पेशी बुडबुड्याला परका मानत नाही, आत घेते. सारण आपोआप आत जातं.

हा विषय मी का घेतला, ते आक्कांकडे पाहिलं की कळतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या कपाळावर नागीण उठली होती. माहेरी, वालूरला गेल्या होत्या. तिथे कुणीतरी गेरूने नागीण आखून तिचं तोंड बंद करून दिलं. आठवडाभर सगळे तोंड बंद झाल्याच्या आनंदात होते, तोवर ती डोळ्यात उतरली. डावा डोळा वाचला, पण त्यातून धुरकट दिसतं. आक्का त्याबद्दल रडत नाहीत. सुईत दोरा ओवायची वेळ आली की मला हाक मारतात, एवढंच.

आता त्या दिवसाचं महत्त्व. माझे मार्गदर्शक सर दुसऱ्या शहरात असतात आणि शब्द मोजून बोलतात. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मॅडम, बाटलीतले बुडबुडे पुष्कळ झाले. विषाणू लागलेल्या पेशींवर काहीतरी दाखवा. या महिन्यात नाही जमलं, तर विषय बदलू. गोळ्यांवरच्या लेपाचं काम घ्या, ते तुमच्या कॉलेजात होण्यासारखं आहे." गोळ्यांवरच्या लेपाबद्दल माझ्या मनात राग नाही, पण मला ते काम करायचं नव्हतं.

आमच्या कॉलेजात पेशी वाढवायची सोय नाही. परभणीत एका विषाणू प्रयोगशाळेत आहे. तिथल्या बाई जनावरांच्या विषाणूंवर काम करतात. कितीतरी विनवण्यांनंतर त्यांनी मला एक ताट द्यायचं कबूल केलं होतं. ताट म्हणजे वाट्या असलेली प्लास्टिकची तबकडी, तिच्यात पेशींचा थर वाढवलेला. त्यानंतर प्रयोगशाळेची एसी यंत्रणा दुरुस्तीला जाणार होती आणि सगळ्या पेशी गोठवून ठेवणार होत्या. म्हणजे चौदा तारीख चुकली की महिना गेला, आणि महिना गेला की विषय गेला.

कॉलेजला सुट्टी लागली की शिपाई मेन स्विच बंद करून जातो. म्हणून कुप्या घरी आणून ठेवल्या होत्या.

शेवटचं पातेलं संपलं, मी हात धुतले, खाली आले, फ्रीज उघडला. दारातल्या खाचांमध्ये अंडी होती.

"आक्का, इथल्या कुप्या?"

"हायेत की."

"कुठं?"

"वर. बर्फाच्या कप्प्यात. काल दुपारी लाईट गेली, लय वेळ आली न्हाई. दारात हात लावून बघितलं, कोमट! म्हनलं हिचं औषध नासतंय आता. सगळ्या उचलून बर्फात खुपसल्या." आणि माझ्या तोंडाकडे पाहून, "अगं, पोलिओचा डोस बर्फातच असतो की न्हाई? डब्यात बर्फ घालून फिरत्यात की त्या बाया. तूच म्हनलीस, गार राहायला पायजे."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात लाईट गेली की कुणीही बाई हेच करते. दही, साय, डोळ्यात घालायचे थेंब, जे जे जपायचं ते बर्फाजवळ. पोलिओचा डोस गोठला तरी त्याला काही होत नाही. लिपोसोमला होतं. पाण्याचे बर्फाचे काटे बनतात आणि चरबीची पातळ भिंत टराटरा फाडतात. सारण बाहेर. करंजी संपली. संध्याकाळी लाईट आली होती आणि कप्प्याने आपलं काम रात्रभर चोख केलं होतं.

कुप्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या.

मी काय बोलले ते लिहीत नाही. आक्का म्हणाल्या, "येवढं कशाला वरडायलीस? इतळतंय की आत्ता."

इतळू दिलं. दुसरं करणार काय? स्टीलच्या वाडग्यात माठातलं पाणी घेतलं, कुप्या त्यात उभ्या केल्या आणि बाईंना कसं तोंड दाखवायचं याचा विचार करत ओट्याला टेकून उभी राहिले. नवीन घाणा काढायचा तर चंबू, पंप, जाळी, मग सुटं औषध वेगळं करणं. दोन दिवस तरी हवे होते. दोन तासही नव्हते.

कुप्यांमध्ये औषधाबरोबर रंगाच्याही होत्या. ह्या रंगाचं एक वैशिष्ट्य आहे. दाटीवाटीत तो चमकत नाही, मळकट नारिंगी दिसतो. मोकळा झाला, पाण्यात पसरला की पोपटी चमकतो. बुडबुड्याच्या पोटात तो खच्चून भरलेला असतो म्हणून गप्प असतो. बुडबुडा फुटला की लगेच चुगली करतो. पेशीत बुडबुडे शिरले का हे पाहायला मी तो वापरणार होते.

पहिली रंगाची कुपी खिडकीतल्या उन्हात धरली. पोपटी. लखलखीत पोपटी, कच्च्या कैरीच्या सालीवर ऊन पडावं तशी. तळाशी गाठी. संपलं, म्हटलं. फुटले सगळे.

दुसरी उचलली ती केवळ सवयीने.

नारिंगी!

मी ती हलवली, परत धरली, जागा बदलून धरली. मळकट, गप्प, जशी मी ठेवली होती तशी. दोन्ही कुप्या एकाच कप्प्यात, एकाच बर्फात, एकाच रात्री. एक बोंबलत होती, एक गप्प बसली होती.

मग झाकणावरची खूण पाहिली आणि मी किंचाळले. ह्या दुसऱ्या घाण्यात साखर होती.

साखर घालण्याचं कारण वेगळंच होतं. खेड्यापाड्यात औषध पोचवायचं तर थंड ठेवण्याची भानगड नको, म्हणून पुढेमागे ह्या बुडबुड्यांची कोरडी पूड करून पाहावी असा विचार होता. पूड करताना साखर भिंतीला धरून ठेवते, असं पुस्तकात वाचलं होतं. म्हणून थोडा घाणा साखरेच्या पाण्यात केला होता, आतही साखर, बाहेरही साखर. त्या कुप्या आजच्या कामाच्या नव्हत्याच. पुढच्या वर्षीचं काम म्हणून बाजूला काढल्या होत्या, आणि आक्कांनी उचलताना भेदभाव केला नव्हता.

"आक्का! इकडं या! हे बघा, हे फुटलं, आणि हे नाही फुटलं!"

"मला दोन्ही सारखंच दिसतंय." त्यांनी उजव्या डोळ्याजवळ कुपी धरली. "थांब. ही पोपटावानी हाय. ही चहावानी."

"चहावानी चांगली! हिच्यात साखर आहे!"

"चहात साखर असती तर चांगलीच असणार की," असं म्हणून त्या कुरडयांवर कावळा येतोय का ते बघायला वर गेल्या.

मी औषधाच्या कुप्याही पाहिल्या. साखर नसलेल्या कुपीच्या तळाशी पांढरा गाळ आणि वर पाणी. साखरेची तशीच दुधट, थोडी जाडसर वाटली, पण एकसारखी. मला एक निकाल मिळाला होता जो मी मागितलाच नव्हता.

थर्माकोलच्या डब्यात गार पाण्यात पिळलेला टॉवेल घातला. बर्फ नाही! आक्का बर्फाचा ट्रे घेऊन आल्याच होत्या, त्यांना लांबूनच हात जोडले. साडी बदलली, स्टँड गाठलं. मानवतमार्गे परभणीची एसटी मिळाली आणि खिडकीची जागा मी मुद्दाम सोडली, कारण खिडकीतून भट्टीची वाफ येत होती. डबा मांडीवर. शेजारच्या मावशींना राहवेना.

"काय हाय वो बाई त्याच्यात? मासे?"

"औषध आहे."

"कोंबड्याचं?"

"माणसाचं. नागिणीचं."

"मग गेरू लावायचा की," मावशी म्हणाल्या. "आमच्या गावात एकजण हाय, दोन फुकरीत उतरतीय."

"त्यांना म्हणावं, डोळ्यात उतरायच्या आधी दवाखान्याचा रस्ता दाखवा. मग फुंका हवं तेवढं."

"तापट दिसतीस गं बाय," मावशी म्हणाल्या आणि मानवतपर्यंत माझ्या डब्यावर आपला पदर धरून बसल्या. ऊन लागू नये म्हणून.

प्रयोगशाळेतल्या बाई माझ्याच वयाच्या. त्या आपल्या पेशींबद्दल इतर बायका सुनांबद्दल बोलतात तसं बोलतात. आज नीट वाढल्यात, काल रुसल्या होत्या. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"गोठलेलं सँपल? तुम्ही मला गोठलेलं सँपल आणून देताय?"

"फुटलेलंही देतेय आणि न फुटलेलंही देतेय."

"न फुटलेलं कशावरून?"

मी दोन्ही रंगाच्या कुप्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्या कुप्या उचलून खिडकीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "रिकामे आहेत का? साखरेचे, औषध न घातलेले?"

होते. थोडेच होते, पण होते. ते नसते तर बाईंनी मला दारातूनच परत पाठवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. बुडबुड्यांनीच किंवा साखरेनेच विषाणूला काही केलं असं उद्या कुणी म्हटलं, तर उत्तर काय देणार?

"एक लक्षात ठेवा," हातमोजे चढवत त्या म्हणाल्या. "माझा विषाणू गायीचा आहे. तुमच्या नागिणीच्याच घराण्यातला, पण चुलतभाऊ. तुमचं औषध त्याच्यावर फार चालत नाही. खूप घालावं लागतं."

"म्हणूनच पाहायचंय. थोडं घालून."

"मग हरायची तयारी ठेवून आलात."

"नाही," मी म्हटलं. "जिंकायची."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी ताट बाहेर काढलं. पेशींवर त्यांनी आधीच विषाणू घातला होता. आता वाट्यांमध्ये एकेक गोष्ट जाऊ लागली. एका वाटीत काहीच नाही, नुसता विषाणू. एकीत साधं औषध. एकीत रिकामे साखरेचे बुडबुडे. एकीत फुटलेला घाणा. एकीत आक्कांच्या बर्फातून जिवंत निघालेला. जिथे औषध होतं तिथे ते सारखं आणि मुद्दाम कमी. पिपेट त्या कुणालाच देत नाहीत. मी शेजारी उभी राहून कुप्या पुढे करायच्या एवढंच माझं काम. ताट गरम पेटीत गेलं.

रंगासाठी वेगळ्या काचपट्ट्या होत्या. तेवढ्या वेळात बाईंनी मला चहा पाजला आणि एसीवाल्यांना फोनवर झापलं. मग पेशी धुऊन काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, खोलीतला दिवा घालवला आणि स्वतः आधी पाहिलं.

"फुटलेला. काही नाही. अंधार."

बरोबर होतं. मोकळा रंग पेशीच्या आत जात नाही, धुतला की जातो. दुसरी काचपट्टी ठेवली. बाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. मी मागे उभी. मला त्यांची वेणी तेवढी दिसत होती.

"बाई?"

"थांबा हो."

"काय दिसतंय?"

त्या सरकल्या. "बसा."

मी डोळा लावला. आधी आपल्याच पापण्या दिसल्या, मग अंधार, मग फोकस सापडला आणि हिरवं! पेशीपेशीत हिरवे ठिपके. कडेला नाही, बाहेर नाही, आत. प्रत्येक पेशीच्या मध्यावर एक काळा गोल, ते तिचं केंद्रक, आणि त्याच्या भोवती ठिपक्यांची दाटी. काही पेशींमध्ये तर ठिपके फुटून सगळं अंग मंद हिरवं झालेलं, म्हणजे सारण बाहेर पडून पेशीत पसरलेलं. इतकी वर्षं मी हे फळ्यावर खडूने काढत आले. गोल, गोलात ठिपके, बाण. पोरी वहीत उतरवून घेतात. आणि हे खरोखर असंच असतं, हे मला त्या खुर्चीत बसून कळत होतं.

"आत गेलेत," मी म्हटलं. मग परत म्हटलं. मग बाईंच्या खांद्यावर थाप मारली, जी त्यांना आवडली नसावी.

"आत गेलेत," त्या म्हणाल्या, "पण आत जाणं वेगळं आणि आत जाऊन काम करणं वेगळं. आमच्याकडे रोज किती माणसं आत येतात! परवा या."

परवापर्यंतचा वेळ उडदाच्या पापडांनी खाल्ला. मी इतक्या जोरात लाटत होते की आक्का म्हणाल्या, "फाडशील. कुनाचा राग काढायलीस?" राग नव्हता, मला एका जागी बसवत नव्हतं. त्यांनी विचारलं, परभणीला काय होणार आहे ते नीट सांग. मी सांगितलं. पेशींचा गालिचा असतो. विषाणू त्याला भोकं पाडत जातो. जिथे औषध पोचलं, तिथे भोकं कमी. बाई गालिचा जांभळ्या रंगात बुडवणार, म्हणजे पेशी जांभळ्या आणि भोकं पांढरी.

"आन् भोकं लय असली तर?"

"तर मी गोळ्यांना लेप लावणार."

"त्येच्यात काय वाईट?"

"वाईट काही नाही. मला हे करायचंय."

आक्कांनी लाटी पुढे सरकवली.

परवाच्या दिवशी मी पहिल्या गाडीने गेले. बाई हातमोज्यांतच होत्या. ताट धुऊन, रंगवून, फडक्यावर उलटं घालून ठेवलेलं. त्यांनी ते सरळ केलं आणि पांढऱ्या दिव्यावर ठेवलं.

नुसत्या विषाणूची वाटी म्हणजे चाळणी. साध्या औषधाची, तीही चाळणीच, जरा कमी भोकांची. रिकाम्या बुडबुड्यांची, चाळणी. फुटलेल्या घाण्याची साध्या औषधासारखीच, आणि हेही बरोबर होतं, कारण औषध होतं पण उघड्यावर पडलेलं. मी एकेक वाटी अशी मुद्दाम सावकाश पाहत होते, कारण शेवटची आधीच डोळ्याच्या कोपऱ्यात जांभळी दिसत होती आणि मला तिची भीती वाटत होती.

ती जांभळीच होती. अगदी कोरी नाही. इथे तिथे भोकं होती, पण बारीक, टाचणीने टोचल्यासारखी. एका कडेला पेशींची सालपटंही निघाली होती, ती बाई म्हणाल्या धुताना निघाली, ती धरू नका. पण बाकी गालिचा होता! ज्या वाटीत तेवढंच औषध उघडं घातलं होतं तिथे चाळणी, आणि इथे गालिचा. मोजायची गरज नव्हती. बाईंनी तरी भिंग घेऊन मोजलं, दोनदा, आणि त्या ओठ हलवत मोजत असताना मी टेबलाची कड धरून उभी होते.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "हे चाललंय."

त्यांच्याकडून एवढं म्हणजे पेढे. लगेच सावरून म्हणाल्या, "एका ताटाला मी निकाल म्हणत नाही. एसी झाल्यावर परत करायचं. तीनदा. आणि दरवेळी नवा घाणा."

"दरवेळी गोठवून?"

"गोठवूनही आणि न गोठवताही. आता ते टाळता येणार नाही तुम्हाला." आणि मग मिश्कीलपणे, "जाऊबाई मोकळ्या आहेत ना?"

ताटाचा फोटो सरांना पाठवला आणि बाहेर कडुनिंबाच्या सावलीत उभी राहून फोन लावला. सरांनी आधी फोटो मोठा करून पाहिला असावा.

"हे गोठवलेले आहेत म्हणता?"

"हो सर."

"क्रम काय होता? कोणत्या तापमानाला, किती वेळ?"

"घरचा फ्रीज, सर. एक रात्र."

"तुम्ही मुद्दाम केलंत?"

"नाही. आमच्या जाऊबाईंनी केलं. त्यांना वाटलं औषध नासेल."

फोनवर मोजून बोलणारा माणूस हसताना मी पहिल्यांदा ऐकला. "मॅडम, विषय राहू द्या. संशोधन समितीच्या पुढच्या बैठकीत मी बोलतो. आणि आभारप्रदर्शनात जाऊबाई घाला."

मी तिथेच, सावलीत, चप्पल आपटून एक गिरकी घेतली. एक कुत्रं उठून दुसऱ्या झाडाखाली गेलं.

घरी आले तेव्हा आक्का वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. मी सगळं सांगितलं, हात हलवून, ताटाच्या जागी परात घेऊन. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी राहिला का तुझा विषय?"

"राहिला!"

"मग कवा घालायचं माझ्या डोळ्यात?"

हे त्या विचारणार हे मला एसटीतच माहीत होतं. उत्तरही तयार होतं.

"तुमच्या डोळ्यात आता विषाणू नाही, आक्का. त्याचा वण आहे. हे औषध वण पुसत नाही. त्याला डोळ्याचे डॉक्टर लागतील, आणि ते काय म्हणतील मला माहीत नाही."

"मग कुनाच्या कामाचं हाय हे?"

"ज्याला पुढं होईल त्याच्या. तेही लगेच नाही. वर्षं जातील. आधी पेशी, मग जनावरं, मग माणसं. मधे कुठंही फसू शकतं."

"वर्षं," आक्का म्हणाल्या. डब्याचं झाकण दाबून बसवलं, वरून हाताने ठोकलं. "मग बसलीस का? कर की चालू."

"आणि तुम्हाला मी डॉक्टरांकडं नेणार. वालूरला नाही. परभणीला."

"बघू."

"बघू नाही. सोमवारी."

"लय हुकूम सोडायलीस एका ताटावर," त्या म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपायाला घरून उठवून आणलं आणि मेन स्विच चालू करायला लावला. सुट्टीत प्रयोगशाळेत पालींनी संसार मांडला होता, तो झाडून काढला. चंबू घासला, क्लोरोफॉर्मने विसळला, लेसिथिन तोललं, साखर तोलली. पंप आधी खोकला, मग लागला. चंबू गरम पाण्यावर फिरू लागला आणि थोड्या वेळाने काचेवर थर दिसायला लागला. एकसारखा, पातळ, कुठेही न तुटलेला. मी खिडक्या उघडल्या, पंखा मोठा केला आणि औषधाचं पाणी तयार करायला घेतलं.